परतीचा परवाना

छावणी म्हणजे तात्पुरता मुक्काम. तरी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार रुजले. वास्तव्याने मुक्कामाचे घर होते काय? परदेशी कायमचे राहणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड बाळगणारा मुलगा आजारी आईसाठी वर्षाहून अधिक काळ मायदेशी राहणार असेल, तर निघण्यापूर्वीच त्याने परतीच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याची मुदत फार तर दोन वर्षे. आईच्या उशाशीही तो दिवस मोजत बसतो.

आपल्या शेजारच्या मनमाडचे उदाहरण पाहावे. फादर व्हिन्सेंट फेरर १९५२ साली स्पेनहून भारतात आले आणि शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी झटले. १९६८ साली त्यांना देश सोडण्याचा आदेश झाला. हजारो शेतकरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९६९ साली ते परतले, परंतु महाराष्ट्रात नव्हे, आंध्रातील अनंतपूरला. २००९ साली तेथेच त्यांनी देह ठेवला.

सीमा राखणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. कागद तपासणे हा अन्याय नव्हे. मात्र कागद मुदत सांगतो, घामाचे नाते सांगत नाही. परक्याला स्वदेशीयासारखे वागवा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, असे नियमशास्त्र बजावते. दाराशी उभ्या असलेल्याचे कागद पाहताना, तो घरी परतत आहे, एवढे ध्यानात असावे.