शंकासमाधान : शेजाऱ्याचा देव आणि आपली जबाबदारी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात एका अंगाला देहू आहे, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मध्ये चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. या तिन्ही ठिकाणांभोवती भोसरी, आकुर्डी, तळवडे, महाळुंगे, चाकण अशी कारखान्यांची दाट वस्ती पसरली आहे. एकाच पाळीला, एकाच लाइनवर खेड तालुक्यातला मुलगा, मराठवाड्यातून आलेला ट्रेनी, बिहारचा वेल्डर आणि ओडिशाचा फिटर शेजारी शेजारी उभे असतात. एकादशीचा उपास, रमजानचा रोजा, छठपूजा आणि आंबेडकर जयंतीची वर्गणी या सगळ्यांची चर्चा एकाच कॅन्टीनमध्ये होते. शेजार असा दाट असला की वागण्याच्या शंकाही येतात. त्यांतल्या वारंवार विचारल्या जाणाऱ्या काही शंका येथे घेतल्या आहेत.

शंका १ : मुलाने मुसलमान मित्राच्या घरी शिरखुर्मा खाल्ला किंवा मुसलमान मुलगा सोसायटीच्या आरतीला उभा राहिला, तर दोघांची श्रद्धा पातळ होत नाही का?

समाधान : देहूच्या इनामदारवाड्यातला मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी आकुर्डीकडे निघते, तेव्हा ती वाटेत अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग आणि आरती होते, मग पालखी पुढे सरकते. अनगडशहा हे तुकोबांच्या भेटीला आलेले फकीर, असे परंपरा सांगते. पिढ्यान् पिढ्या वारकरी तिथे थांबत आले आणि तिथून उठून पंढरपूरलाच गेले. एकाचीही विठ्ठलनिष्ठा त्या थांब्याने उणावली नाही. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांनी कुराणाचा अभ्यास करून ‘कुराण-सार’ सिद्ध केले. ज्याची स्वतःच्या घरची ओळख पक्की असते, त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहायला भीती वाटत नाही.

मात्र पाहुणचार आणि उपासना यांतला फरक मुलांना नीट समजावून सांगावा. शिरखुर्मा हा पाहुणचार आहे, त्याला नाही म्हणण्याचे कारण नाही. आरती किंवा नमाज ही उपासना आहे. ज्याच्या मनाला ती पटत नाही, त्याने शांतपणे बाजूला उभे राहावे आणि यजमानानेही आग्रह धरू नये. ‘एक आरती म्हटली तर काय बिघडते’ असा दबाव आणणे हासुद्धा अनादरच आहे.

शंका २ : शाळेत धर्म शिकवावा की शिकवू नये?

समाधान : राज्यघटनेच्या २८व्या कलमाने याचे उत्तर दिले आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. धर्माचे शिक्षण घ्यायला वेगळ्या जागा आहेत. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था ही त्यांतली मोठी जागा. आपल्या मुलाने ज्ञानेश्वरी, कुराण, बायबल किंवा धम्मपद शिकावे असे ज्याला वाटते, त्याने ते घरी वा अशा संस्थेत जरूर शिकवावे. ही जबाबदारी शाळेवर ढकलू नये.

शाळेचे काम निराळे आहे. वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले एकमेकांवर विसंबून राहायला शिकतात ती शाळेतच. याचे उदाहरण याच खेड तालुक्यात आहे. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या वाटेवर होती. मुख्याध्यापक दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी ती उभी केली, आणि २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथल्या ‘विषयमित्र’ पद्धतीत मुलेच मुलांना शिकवतात. आपले गणित सोडवून द्यायला ज्याच्याकडे जावे लागते, त्या मुलाचे आडनाव विचारून त्याला दूर बसवणे पुढे फार अवघड जाते. शांततेचे शिक्षण असेच मिळते. त्यासाठी वेगळा तास ठेवावा लागत नाही.

या पट्ट्यात आणखी एक काम तातडीचे आहे. बांधकामावरच्या आणि वीटभट्टीवरच्या मजुरांची मुले वर्षाच्या मध्येच येतात. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. असे मूल वस्तीत दिसले तर त्याला जवळच्या शाळेत नेऊन बसवणे हे कोणत्याही तीर्थयात्रेइतकेच पुण्याचे काम समजावे.

शंका ३ : सोसायटीत ठरले आहे की अमुक धर्माच्या, अमुक जातीच्या किंवा बाहेरच्या राज्यातल्या माणसाला घर भाड्याने द्यायचे नाही. एकट्याने विरोध करावा का?

समाधान : करावा. भाडेकरूची ओळखपत्रे घेणे, पोलीस ठाण्यात नोंद करणे, करारनामा करणे हे सगळे रास्त आहे, कारण ते प्रत्येकाला सारखे लागू होते. नावावरून दार लावून घेणे रास्त नाही.

पिंपरीने तर हे विसरूच नये. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे येथल्या कॅम्पात राहिली, आणि आज पिंपरीची बाजारपेठ ज्यांच्या कष्टावर उभी आहे त्यांत ती अग्रभागी आहेत. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे भोसरीत औद्योगिक वसाहत आली, आणि गावोगावची माणसे कामाला आली. आज सभेत ‘बाहेरचे नकोत’ म्हणणाऱ्या अनेकांचे वडील किंवा आजोबा सातारा, सोलापूर, लातूरहून ट्रंक घेऊन आले होते आणि त्यांनाही कुणीतरी खोली दिली होती. एवढी आठवण सभेत शांतपणे करून दिली आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगितला, तरी पुष्कळ होते. गप्प बसलेले दोघे-चौघे तेवढ्याने बोलू लागतात.

शंका ४ : दोन धर्मांचे सण एकाच दिवशी आले आणि आपण आपली मिरवणूक पुढे ढकलली, तर तो कमीपणा नाही का?

समाधान : २०२३ मध्ये महाराष्ट्राने हा प्रसंग दोनदा पाहिला. २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरात आणि राज्यातल्या अनेक गावांत मुसलमान समाजाने त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे आपणहून ठरवले. त्यानंतर २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या. मुंबईसह अनेक शहरांत जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले आणि सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला दिली. यात कुणाची ईद लहान झाली नाही. उलट ज्यांनी थांबायचे ठरवले, त्यांचे नाव गावाने आदराने घेतले.

असा मोठेपणा एकाच बाजूने दाखवायचा नसतो. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात चार दशकांहून अधिक काळ गणपती मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून ती आत घेण्यातून हे सुरू झाले आणि पुढे गावाची रीत झाली. आपल्या मंडळाने या मोठेपणाची फेड करायची असेल तर सोपे मार्ग आहेत. मशिदीसमोर ढोल थांबवावा, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम पाळावा, आणि परीक्षेच्या दिवसांत मांडवाशेजारच्या घरात जाऊन ‘त्रास होत नाही ना’ असे विचारावे.

शंका ५ : ‘आपल्या धर्मावर हल्ला झाला’ असा व्हिडिओ ग्रुपवर आला. खरा असेल तर लोकांना कळायला नको का?

समाधान : १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. संदेश पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण गावाचे रक्षण करत आहोत असेच वाटत असणार. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला, तोही अशाच अफवेच्या वातावरणात.

म्हणून जागा, तारीख आणि मूळ सांगणारा माणूस माहीत नसेल तर तो संदेश आपल्या मोबाइलमध्येच थांबवावा. खरोखर शंका असेल तर पोलीस ठाण्याला कळवावे. न तपासलेली गोष्ट धर्माच्या नावाने पसरवणे हे खोटे बोलणेच आहे, आणि खोटे बोलण्याची मुभा कोणताही धर्म देत नाही.

शंका ६ : अन्याय झाला तरी शांतता राखायची, हा भित्रेपणा नव्हे का?

समाधान : अन्याय सोसून गप्प राहणे म्हणजे शांतता, असे महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांनी कधीच मानले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हक्क बजावण्यासाठी. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. दोघांनीही कुणाचे घर जाळले नाही, आणि दोघांच्याही विरोधकांना त्या शांतपणाची धास्ती वाटली.

बाबासाहेबांची आणखी एक आठवण याच पट्ट्यात आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर पावणेदोन वर्षांनी झाली. ज्या माणसाने जन्मभर अपमान सोसला आणि त्याविरुद्ध झुंज दिली, त्याने लोकांपुढे ठेवली ती करुणेची मूर्ती. अन्यायाविरुद्ध अर्ज करावा, मोर्चा काढावा, न्यायालयात जावे, संघटना करावी. दगड हातात घेतला की मूळ गाऱ्हाणे बाजूला पडते आणि दगडाचीच चर्चा सुरू होते.

चाकणने हे अनुभवले आहे. ३० जुलै २०१८ रोजी आरक्षणाच्या मागणीसाठी पुकारलेल्या बंदच्या वेळी येथे बस आणि इतर वाहने पेटवली गेली, पोलीस जखमी झाले. मागणी करणारे हजारो लोक शांत होते, पण दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे आली ती जळालेल्या बसची.

शंका ७ : शांतता राखणे हे पोलिसांचे काम. नोकरदार माणसाने त्यात काय करायचे?

समाधान : पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि चाकणही त्याच्या हद्दीत येते. पण पोलीस पोचतात ते बहुधा ठिणगी पडल्यावर. ठिणगीआधीचे काम शेजाऱ्यांचे असते, हे भिवंडीने दाखवून दिले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागातला पोलीस शिपाई नियमितपणे एकत्र बसू लागले. बोलणे व्हायचे ते नळावरच्या, गटारीच्या, पोरांच्या भांडणांचे. ही भांडणे लहान असतानाच मिटू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश सहानी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. पुढे २००७ मध्ये राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तीही तंटा गावातच मिटावा या विचाराने.

घटनेच्या ५१-क कलमानुसार धर्म, भाषा, प्रांत यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते एकट्या पोलिसाच्या, एकट्या शिक्षकाच्या किंवा एकट्या कीर्तनकाराच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. शिक्षकाने वर्गातली बाके मिसळावीत. कीर्तनकाराने आणि इमामांनी सणाआधीच्या आठवड्यात शेजारधर्मावर बोलावे. कंपनीने पाळी लावताना ईद, छठ आणि बुद्धपौर्णिमेच्या रजांचा विचार दिवाळीइतकाच करावा.

आणि वाचकांनी एक काम या महिन्यातच करावे. सणांपूर्वी प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिला बहुधा तेच ते पुढारी हजर असतात. आपल्या ठाण्याची पुढची बैठक कधी आहे ते विचारावे, आणि जाताना आपल्या गल्लीतला दुसऱ्या धर्माचा एक शेजारी आणि जवळच्या शाळेतली एक शिक्षिका यांना सोबत न्यावे.