खाट पडवीत घ्या
आषाढात तोरणा किल्ल्याजवळच्या पासली गावात ढग येतात आणि दिवसच्या दिवस हलत नाहीत. तोरणा दिसेनासा होतो. घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा दिवसांत कुणी कोपरा धरून बसलं, जेवेना, बोलेना, तर ‘पावसाचा कंटाळा’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ते उजेडाअभावी आलेलं नैराश्यही असू शकतं.

दरवर्षी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्यावर १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं आणि त्यावर प्रखर उजेडाचा उपचार मांडला. तेव्हा २,५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर रोज काही तास बसवत. पुढे १०,००० लक्स, सकाळी अर्धा तास असं प्रमाण रूढ झालं. दिव्याकडे टक लावायची नसते, तो नुसता समोर असावा लागतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी उजाडल्याची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात. २०१६ साली कॅनडातल्या एका चाचणीत ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही या उजेडाचा गुण दिसला.

गंमत अशी, की उजेड मोजायला आपली नजर फार कच्ची. बल्ब लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते. तिथे असतात जेमतेम शंभर-दोनशे लक्स. आभाळ भरलेलं अंगण उदास वाटतं, तिथे मात्र हजार, कधी कित्येक हजार. म्हणजे खाचरात लावणी करणाऱ्या बाईला आभाळ भरलेलं असतानाही उजेड मिळतो, आणि चुलीमागे बसलेल्या तिच्या सासूला मिळत नाही. (चिखलाचं कौतुक मी करणार नाही, कंबर मोडते ती त्या बाईची.)

पण ‘जरा बाहेर बस’ हे सांगणं सोपं. नैराश्यात उंबरा ओलांडण्याचंच बळ जातं. परदेशातला तो दिवा खोलीत माणसापर्यंत येतो, पासलीत माणसाला उजेडापर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी लागतो खाट उचलून सकाळी पडवीत ठेवणारा, चहा तिथेच आणून देणारा कुणीतरी. उपदेश न करता.

एवढ्यानं सगळं भागतं असं मात्र नाही. औषधं चालू असतील तर ती आपल्या मनानं सोडू नयेत. ज्यांचं मन कधी अतिउत्साहात, कधी खोल खाली जातं, त्यांना प्रखर दिव्यानं उलटा त्रास होऊ शकतो. डोळ्यांचा आजार असेल तरी आधी डॉक्टरांना विचारावं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर ऊन पडायची वाट बघत बसू नये. त्या माणसाला एकटं सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.