काळजी करणें आणि काळजी घेणें

मराठी भाषेनें ‘काळजी’ या एकाच शब्दाला दोन क्रियापदें जोडून दोन अगदीं भिन्न वृत्ति दाखविल्या आहेत. काळजी करणें ही एक व काळजी घेणें ही दुसरी. पहिलींत मन स्वतःभोंवतीं फिरत राहतें आणि हात स्वस्थ बसतात. दुसरींत हात कामाला लागतात आणि मनास थोडी विश्रांति मिळते. शब्द एकच असल्यामुळें, पहिली करीत असतांना आपण दुसरीच करीत आहों असा भ्रम सहज होतो. हा भ्रम किती महाग पडतो हें दाखविण्यास तोंडांतील पांढऱ्या चट्ट्याइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

चूळ भरतांना गालाच्या आंतल्या बाजूस किंवा जिभेच्या कडेला एक पांढुरका डाग दिसतो. तो दुखत नाहीं, जेवणास आड येत नाहीं. माणूस दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरशापुढें उभा राहतो, डागावरून जीभ फिरवितो आणि ‘चार दिवस पाहूं’ असें ठरवितो. येथवर त्याचें कांहीं चुकत नाहीं. असे बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. दांताची धारदार कड घासून, गाल चावला जाऊन किंवा बुरशीमुळें ते उठतात, आणि कारण दूर होतांच पुष्कळसे मावळतात. परंतु जो पुसला जात नाहीं आणि ज्याला दुसऱ्या कोणत्याहि रोगाचें नांव देतां येत नाहीं, त्या डागास वैद्यकांत ‘ल्युकोप्लाकिया’ म्हणतात. अशांपैकींहि थोडेच पुढें कर्करोगाकडे वळतात. पण कोणता वळेल हें आरशाला सांगतां येत नाहीं. म्हणून वैद्यकानें एक साधी मर्यादा घालून दिली आहे: डाग किंवा व्रण दोन आठवड्यांत गेला नाहीं, तर तो वैद्याला दाखवावा. त्यांत लाली मिसळली, तो कठीण झाला, रक्त येऊं लागलें, तोंड पुरतें उघडेनासें झालें किंवा मानेंत गांठ लागली, तर तितकेंहि थांबूं नये. तंबाखू, मशेरी, सुपारी वा विडी यांची संवय असणाऱ्यानें ‘दुखत नाहीं’ या गोष्टीवर तर मुळींच विसंबूं नये. कारण हा रोग आरंभीं बहुधा दुखत नाहीं.

इतका साधा नियम असतां माणूस महिनेच्या महिने थांबतो, याचें कारण अज्ञान, असें आपण झटकन् सांगून मोकळे होतों. हें उत्तर अपुरें आहे. मन स्वतःपासून काय काय लपवितें हें ज्यानें जगास शिकविलें, त्या सिग्मंड फ्रॉइडनें १९२३ सालीं स्वतःच्या तोंडांत वाढ दिसल्यावर कित्येक आठवडे तिची वाच्यता केली नाहीं. वैद्यांनींहि प्रथम खरें निदान त्याच्यापासून लपवून हा ल्युकोप्लाकियाच असल्याचें भासविलें. पुढें तीसांवर शस्त्रक्रिया सोसून तो १९३९ सालीं लंडनमध्यें वारला. रोग कळल्यावरहि सिगार त्यास सोडवला नाहीं. येथें उणीव ज्ञानाची नव्हती, भय नांवाचें होतें. कळलें नाहीं तोंवर रोगच नाहीं, असा तर्क भय मनाकडून करवून घेतें. वास्तविक कळण्यानें रोग जन्मत नाहीं. उपायाला मात्र अवसर मिळतो. सुरी लागली कीं रोग पसरतो, हा लोकप्रवादहि याच भयाचें अपत्य होय. तपासणीसाठीं कणभर मांस काढल्यानें डागाचा कर्करोग होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘शरीर माझें आहे, न जाणण्याचाहि मला हक्क आहे.’ हा हक्क आम्ही सर्वस्वीं नाकारीत नाहीं. परंतु जो रोज आरशांत डोकावतो, त्यानें तो हक्क आधींच सोडलेला असतो. त्याला जाणावयाचें आहे. केवळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचें नाहीं. शिवाय त्याच्या न जाणण्याचा भार पुढें घरच्या माणसांनाच उचलावा लागतो.

तथापि दोष देतांना न्यायबुद्धि सोडूं नये. वसई तालुक्यांतील कामण हें गांव घ्या. तुंगारेश्वराच्या डोंगरालगतच्या या गांवाचें ‘कामण रोड’ हें स्थानक वसई-दिवा लोहमार्गावर आहे. तेथील मजुराला परळचें १९४१ पासूनचें टाटा रुग्णालय गांठावयाचें तर गाड्या बदलाव्या लागतात, दिवसाची मजुरी बुडते, आणि ‘पुन्हां या’ असें ऐकून परतावें लागण्याचाहि संभव असतो. पगारी रजा घेऊं शकणाऱ्या प्राध्यापकाचें ‘चार दिवस पाहूं’ हें भय असेल; मजुराचें तेंच वाक्य हिशेब असतो. दोघांस एकाच तराजूंत तोलणें अन्यायाचें होईल.

पण पहिली पाहणी परळलाच व्हावयास हवी असें नाहीं. तिला उजेड व शिकलेली नजर पुरते. महाराष्ट्रांतील खेड्यांत १,०१,७६१ ग्रामस्थांचीं तोंडें तपासलीं गेलीं, त्याचा वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत शिकवून तयार केलेल्या सेवकांनीं अशीच तपासणी केली, तेव्हां तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी झाल्याचें २००५ सालीं दिसून आलें. वैद्य रोग्याच्या दारीं जाऊं शकतो, हें यावरून सिद्ध आहे. तो जात नसेल तर तो दोष मजुराचा नव्हे.

तेव्हां कर्तव्य दुहेरी आहे. ज्याला डाग दिसला त्यानें भयाला चौदा दिवसांची मुदत द्यावी आणि पंधराव्या दिवशीं जवळच्या दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यांत जावें. आणि ज्याला दुसऱ्याच्या तोंडांतला डाग ठाऊक आहे, मग तो मुलगा असो, शेजारी असो, मुकादम असो, त्यानें ‘काळजी करूं नका’ एवढें बोलून थांबूं नये. बुडणाऱ्या मजुरीची सोय पाहावी आणि बरोबर जावें. काळजी घेणें हें पुष्कळदां एकट्याचें काम नसतेंच.