श्वास रोखून

हवेचा नमुना घेण्याची एक साधी रीत आहे. काचेचा चंबू घ्यायचा. त्यातली हवा आधीच काढून टाकलेली असते आणि तोंडाला तोटी असते. मोकळ्या जागी जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, श्वास घेऊन तो रोखून धरायचा आणि हात लांब करून तोटी उघडायची. फुस्सकन हवा आत शिरली की तोटी बंद करायची आणि मग खुशाल श्वास सोडायचा. आपल्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. नकळत एक फुंकर लागली, तरी तो चंबू वाया जातो.

हवामानबदलाबद्दल आज जे ठामपणे बोललं जातं, त्याच्या मुळाशी अशी श्वास रोखून उभी राहिलेली माणसं आहेत.

त्यांतला पहिला चार्ल्स डेव्हिड कीलिंग. 1955 च्या सुमारास कॅलिफोर्नियातला हा तरुण रसायनशास्त्रज्ञ बिग सरच्या अरण्यात तंबू ठोकून दिवसरात्र दर काही तासांनी चंबू भरत असे. त्या काळात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे जागोजागी वेगळे येत, त्यामुळे हवा गावोगावी निराळीच असते असा समज होता. कीलिंगला दिसलं ते वेगळंच. रात्री झाडं-माती श्वास सोडतात तेव्हा आकडा वर जातो. पण दुपारी हवा नीट घुसळली गेली की जंगल असो वा डोंगर, तो दहा लाख रेणूंमागे 310 च्या आसपास येतो. म्हणजे स्वच्छ वाऱ्याची मोजकी ठिकाणं नीट निवडली, तर साऱ्या पृथ्वीची हवा मोजता येईल.

तेवढ्यात आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष आलं, 1957-58 चं. शीतयुद्ध ऐन भरात असताना 67 देशांनी मिळून पृथ्वीची मोजदाद करायचं ठरवलं होतं. कीलिंगच्या यंत्रांना पैसा मिळाला तो त्यातून. त्याचे वरिष्ठ रॉजर रेव्हेल यांच्या मनात होतं की आता एकदा जगभर फिरून नमुने घ्यावेत, पुन्हा दहावीस वर्षांनी घ्यावेत आणि फरक पाहावा. कीलिंगचा हट्ट मात्र सलग मोजण्याचा. हट्टी माणसं सोबतीला कठीण जातात. इथे तो हट्टच कामी आला.

मार्च 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, पहिला आकडा उमटला : 313. मेपर्यंत तो चढला, मग शरद ऋतूपर्यंत उतरत गेला. यंत्रातच काही बिघाड असावा, अशी शंका येण्यासारखी गोष्ट. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच घडलं, तेव्हा उलगडा झाला. जगातली बहुतेक जमीन आणि जंगलं उत्तर गोलार्धात आहेत. तिथे पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात, पानगळीनंतर तो परत येतो. पृथ्वीचा हा वार्षिक श्वास तोवर कुणी कागदावर पाहिला नव्हता. आणि दर वर्षीचा फेरा आदल्या वर्षीपेक्षा किंचित वर सुरू होत होता.

आता खरी अडचण सुरू झाली. शोध लागला, मग आता रोज काय मोजायचं? शोधाला पैसे मिळतात, नोंदीला मिळत नाहीत. 1964 च्या वसंतात निधीअभावी यंत्र थांबलं आणि त्या आलेखात काही महिन्यांची मोकळी जागा राहिली. ती आजही तशीच आहे. दुकानातली रोजकीर्द मागाहून पावत्या जुळवून लिहून काढता येते. कालची हवा आज मोजता येत नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून आठ लाख वर्षांपूर्वीची हवा काढतात हे खरं. पण बर्फाला आठवडा-महिना कळत नाही.

आपल्याकडेही अशी एक जागा होती. गोव्यातल्या काब द रामच्या समुद्रकड्यावर 1993 पासून भारतीय आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मिळून चंबू भरू लागले. ते तपासायला जात मेलबर्नजवळच्या अ‍ॅस्पेंडेलच्या प्रयोगशाळेत. जागेची निवड मोठी मार्मिक. पावसाळ्यात तिथे नैर्ऋत्येचा वारा थेट समुद्रावरची धुतलेली हवा आणतो. हिवाळ्यात वारा फिरला की देशभरच्या चुली, वाहनं, जळती शेतं यांचा धूर त्याच कड्यावर येऊन पोचतो. एकाच ठिकाणी उभं राहून समुद्र आणि देश, दोघांची हवा तपासता येते. ही नोंदही मध्येच तुटली. 2002 नंतरची काही वर्षं कोरी आहेत. 2009 पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. रविवारी सकाळी पिठलं-भाकरीसाठी गड चढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मौना लोआवर 2013 च्या मे महिन्यात 400 चा आकडा ओलांडला गेला. 2024 ची सरासरी 424 च्या वर गेली. साठच्या दशकात वाढ वर्षाला एकाच्याही खाली होती, आता ती अडीचच्या आसपास आहे. कीलिंग 2005 मध्ये वारले. त्यांचा मुलगा राल्फ ते काम पुढे नेतो.

2022 च्या नोव्हेंबरात मौना लोआचा उद्रेक झाला. लाव्हाने वेधशाळेचा रस्ता गिळला, वीज गेली, मोजमाप थांबलं. थोड्याच दिवसांत माणसांनी यंत्रं शेजारच्या मौना केआ डोंगरावर नेली आणि नोंद पुन्हा सुरू केली. पुढे 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात या वेधशाळेचा निधीच काढून घेण्याचं सुचवलं गेलं. आता शेजारचा डोंगर कुठे शोधायचा?