पादचाऱ्याचं खातं

चालत्या मोटारसायकलवरून शेजारच्या मोटारसायकलवाल्याच्या बरगडीत लाथ घालावी की घालू नये, या प्रश्नावर आपल्या धर्मशास्त्रात काही सापडत नाही. निर्णयसिंधूत एकादशी कोणती धरावी, ग्रहण कसं पाळावं, सुतक किती दिवसांचं, याचा भरपूर खल आहे. पण ताशी शंभर मैलांच्या वेगात घातलेल्या लाथेला प्रायश्चित्त काय, हे दिलेलं नाही. यात कमलाकरभट्टांचा काही दोष नाही. त्यांनी तो ग्रंथ १६१२ साली पुरा केला आणि ‘रोड रॅश’ नावाचा व्हिडिओ गेम १९९१ साली बाजारात आला.

ज्यांची उमेदीची वर्षं सायबर कॅफेत गेली नाहीत, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीनं हा मोटारसायकल शर्यतीचा खेळ आधी सेगाच्या यंत्रासाठी काढला. आमच्यापर्यंत पोचली ती १९९६ सालची कॉम्प्युटरवरची आवृत्ती. मी बी.कॉम.ला असताना आमच्या कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत तासाला तीस रुपये दर होता. तिथलं इंटरनेट दिवसातून चार वेळा तुटायचं. तुटलं की मालक म्हणायचा, ‘‘तोवर रोड रॅश खेळा.’’ घड्याळ मात्र चालूच राहायचं. आमच्या पिढीला माहितीच्या महामार्गावर जायचं होतं; ती गेली कॅलिफोर्नियाच्या महामार्गावर, कारण या खेळातले रस्ते तिथले. पॅसिफिक हायवे, सिएरा नेवाडा, नापा व्हॅली. आमच्यातल्या काहींना सोलापूर रस्त्यापेक्षा नापा व्हॅलीतली वळणं जास्त पाठ होती.

खेळ साधा. बेकायदा शर्यत लावायची, पहिल्या काही नंबरांत यायचं, बक्षिसाचे पैसे साठवून आणखी दांडगी गाडी घ्यायची. वाटेत प्रतिस्पर्ध्यांना ठोसे लगवायचे, लाथा घालायच्या. कोणी आपल्यावर सोटा उगारला, तर नेमक्या क्षणी तो हिसकावून त्याच सोट्यानं त्याचा समाचार घ्यायचा. गाडी मोडली की दुरुस्तीचा खर्च, पोलिसानं धरलं की दंड, आणि पैसे संपले की खेळ संपला. पार्श्वभूमीला साउंडगार्डन वगैरे मंडळी कानठळ्या बसवत असतात. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं क्रमिक पुस्तक नाही. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे मला सरांच्या व्याख्यानानं समजलं नव्हतं ते या खेळानं समजलं. शिवाय एवढ्या बक्षिसांवर प्राप्तिकर नाही.

आता गुणदोष. आमच्या धंद्याला धरून आधी जमेची बाजू घेतो.

या खेळाचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे त्यातलं पडणं. समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळलात की तुमचा स्वार हवेत उडतो, रस्त्यावर घसरत जातो आणि धुळीत पडतो. मग उठतो. गाडी कुठंतरी मागं किंवा पुढं आडवी झालेली असते. तिथवर त्याला स्वतःच्या पायांनी धावत जावं लागतं. तुमच्या मनस्तापाची पर्वा न करता तो आपल्या चालीनं धावतो. तेवढ्यात ज्याला आपण मघाशी लाथ घातली तो शेजारून सुसाट निघून जातो. पडण्याची किंमत इतकी चोख वसूल करणारा दुसरा खेळ मी पाहिला नाही.

दुसरा गुण लाथेचाच. आमच्या सौभाग्यवतींना हे पटत नाही. पण मी नीट विचार करून सांगतो, की या खेळातली लाथ नैतिकदृष्ट्या बरीच शुद्ध आहे. कारण ती परत येते. ज्याला मारावं तो मारतो. लुका पाचोली नावाच्या इटालियन भिक्षूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, तेव्हापासून प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकाचं नावे ते दुसऱ्याचं जमा. रोड रॅशमधल्या स्वारांचे आपसांतले व्यवहार या पद्धतीनं चालतात. त्यांनी शर्यतीत उतरतानाच लाथेची तयारी ठेवलेली आहे. आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे इतक्या स्वच्छ हिशेबानं चालत नाहीत.

पोलीस हा गुण की दोष, हे मी ठरवू शकलेलो नाही. तो सुसाट जाणाऱ्याला सहसा धरू शकत नाही. जो पडलेला आहे किंवा थांबलेला आहे, त्याला धरतो. एवढा वास्तववाद अमेरिकन कंपनीला कसा साधला, याचं नवल वाटतं.

खरा दोष रस्त्याच्या कडेला आहे. या खेळात पादचारी आहेत. आपल्या उद्योगाला निघालेली माणसं रस्ता ओलांडत असतात. त्यांना गाडी लागली तर ती आडवी होतात आणि आपण बहुधा तसेच पुढं जातो. दंड नाही, दुरुस्ती नाही, बक्षिसातून एक डॉलर वजा नाही. झाडावर आदळलं तर पडायला होतं. खांबाला थटलं तर पडायला होतं. त्यामुळं खेळणाऱ्याचा डोळा झाड पाहायला शिकतो, खांब पाहायला शिकतो, आणि माणूस तेवढा पाहत नाही. त्यात डोळ्याचा अपराध नाही. ज्याचं देणं लागत नाही त्याच्याकडे कोण बघतो?

आमच्या हेड कॅशियरांपाशी मी हा विषय काढला. नोटा मोजता मोजता ते म्हणाले, ‘‘अहो, खेळ आहे तो! बुद्धिबळात प्यादी मरतात. त्यांचं कुणी श्राद्ध घालतं का?’’

मुद्दा बिनतोड वाटला. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर मला त्यातलं छिद्र सापडलं. (माझे सगळे चांगले विचार डबा उघडल्यावरच सुचतात, त्यामुळं ते कुणाला ऐकवता येत नाहीत, तोंडात घास असतो.) प्याद्याचं श्राद्ध घालत नाहीत हे खरं, पण प्यादं मोजतात. एक प्यादं फुकट गेलं की डाव जायची वेळ येते. बुद्धिबळात प्याद्याचं खातं असतं, रोड रॅशमध्ये पादचाऱ्याचं नसतं. फरक एवढाच आहे, पण बँकेत याच फरकावर माणसं निलंबित होतात.

कान्ट नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता असं म्हणून गेला, की कुत्र्याशी क्रूरपणे वागणाऱ्याचं मन माणसांच्या बाबतीतही निबर होत जातं. हा न्याय लावला तर आमची अख्खी बॅच एव्हाना तुरुंगात हवी होती. प्रत्यक्षात एक जण सी.ए. आहे, एक पाण्याच्या टाक्या विकतो, आणि सगळ्यांत दांडगा रोड रॅशपटू सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायलाही बिचकतो. तेव्हा मन निबर होतं वगैरे मला मान्य नाही. मला शंका आहे ती डोळ्याची.

आमचे चिरंजीव सतराचे. येत्या जूनमध्ये अठरा पूर्ण होतील आणि त्यांना गिअरची मोटारसायकल हवी आहे. ते खेळतात तो खेळ वेगळा. मिलानच्या माइलस्टोन कंपनीचा, मोटोजीपीचा. खऱ्या शर्यतींचे खरे ट्रॅक, खऱ्या स्वारांची नावं. तिथं लाथ नाही. ट्रॅकबाहेरून वळण चोरलं तर शिक्षा होते. थोडक्यात, मुलाला बिनघोर द्यावा असा खेळ. मी कौतुकानं बघत बसलो होतो. एका वळणावर स्वार घसरला. मी सवयीनं वाट पाहू लागलो, की आता हा उठणार, धावणार. तर चिरंजिवांनी एक बटण दाबलं, आणि स्वार, गाडी, धूळ सगळं उलटं फिरून वळणाच्या अलीकडे गेलं. पडलंच नव्हतं.

‘‘हे काय?’’

‘‘रिवाइंड. चुकलं की मागं न्यायचं.’’

आमच्या नोकरीत हे बसत नाही. चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते, उलटी नोंद करायची असते. वहीत दोन्ही राहतात. हाती लिहायच्या खतावण्यांच्या काळात पांढरी शाई सापडली, तर ऑडिटर असा बघायचा की बायकोकडे निरोप धाडावासा वाटे. मी हे सगळं चिरंजिवांना सांगितलं, आणि ओघात रोड रॅशमधल्या प्रामाणिक पडण्याची थोरवीही सांगितली.

चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, तुमच्या खेळात तुम्ही रस्त्यावरची माणसं उडवत होता. माझ्या खेळात मी कुणालाच उडवत नाही.’’

आता उत्तर काय देणार? पोरगं चार्टर्ड अकाउंटंट होणार असं दिसतंय.

पण यातूनच तो प्रश्न निघाला, ज्यासाठी मी हा कागद खराब करतो आहे. चिरंजिवांच्या खेळात कुणी मरत नाही, कारण रस्त्यावर कुणी नाहीच. ट्रॅक बंद, प्रेक्षक कुंपणापलीकडे. ज्या जगात इजा करायला माणूसच नाही, तिथल्या सज्जनपणाची किंमत किती धरायची? आणि ज्या जगात माणूस दिसतो पण हिशेबात धरलेला नाही, ते जग जास्त वाईट, की निदान तो दिसतो एवढ्यापुरतं बरं? सौ. म्हणते दोन्ही बंद करा आणि अभ्यासाला बसवा. ही दोन्ही मतांच्या वरची भूमिका झाली. तिच्याशी वाद घालता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या काउंटरवर एक बाई आल्या. पासबुक पुढं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘साहेब, हे वीस रुपये कशाचे कापले?’’

ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची नोंद होती. २०१५ साली योजना निघाली तेव्हा वर्षाला बारा रुपये कापत, २०२२ पासून वीस कापतात. अपघाती मृत्यू आला तर वारसाला दोन लाख मिळतात. खातं नवऱ्याचं होतं. मी विचारलं, ‘‘मावशी, मालक कुठायत?’’

‘‘गेले की. दोन महिने झाले. डेअरीला दूध घालून येत हुते, कडंकडंनं. मोटारसायकलीवर दोन पोरं हुती. पोरं पडली, उठली, गाडी उचलली आन् गेली.’’

विम्याचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या वीस रुपयांची तक्रार घेऊनच आल्या होत्या. मग एफ.आय.आर.ची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला असं एकेक गोळा झालं. फॉर्म मी भरला, अंगठा त्यांनी दिला. मृत्यूचं कारण या रकान्यात जागा फार कमी असते. नमुन्याच्या कार्डावर त्या माणसाची सही होती, नागमोडी, एका अक्षरापाशी पेन अडकलेली. खाते क्रमांक होता. नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नाव होतं. शिल्लक चार हजार आठशे की असंच काहीतरी.

यथावकाश दोन लाख बाईंच्या खात्यात जमा झाले. पासबुक छापून दिलं. त्यांनी ती ओळ बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ‘‘आता ते वीस रुपये कापणार न्हाईत ना?’’

परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली. त्यांतली बत्तीस हजारांहून जास्त पायी चालणारी होती. एवढ्या माणसांचं एक गाव वसवलं, तर तिथं आमच्या बँकेला दोन शाखा काढाव्या लागतील.

हा आकडा आणि बाईंची हकीकत मी एका रात्री जेवताना सांगितली. चिरंजीव म्हणाले, ‘‘पण बाबा, खेळातला माणूस खरा नसतो.’’ मी म्हटलं, ‘‘खेळातलं झाडही खरं नसतं. ते मात्र तू चुकवतोस.’’ त्यावर ते गप्प बसले. मीही बसलो, कारण त्यांच्या खेळात झाडही नसतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

चित्रगुप्त हा आमच्या व्यवसायाचा मूळ पुरुष. त्याच्या वहीत म्हणे प्रत्येकाचं पान असतं, अगदी मुंगीचंही. आम्हा बँकवाल्यांना एवढा पसारा झेपत नाही, आमच्याकडे के.वाय.सी. लागतं. पण पद्धत त्याचीच. आधी खातं उघडायचं, मग व्यवहार. खातं न उघडता केलेल्या व्यवहाराला काय म्हणतात, ते फौजदारी कायद्यात दिलेलं आहे.

मोटारसायकलीचा निकाल मात्र आमच्या घरी तत्त्वज्ञानावर लागला नाही. तो सौ.नं लावला. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, ‘‘अहो, गाडी घ्यायची तर घ्या. पण त्याआधी महिनाभर यानं क्लासला चालत जायचं. रिक्षा नाही, मित्राच्या मागं बसणं नाही. जाताना मोठ्या रस्त्यानं, येताना मोठ्या रस्त्यानं.’’

‘‘का पण?’’ चिरंजीव.

‘‘उगीच,’’ ती म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यांनी येऊन सांगितलं, की त्या रस्त्याला फुटपाथच नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, की आहे, पण त्यावर गाड्या लावलेल्या असतात. आज अकरावा दिवस. काल संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांनी कुणा मोटारसायकलवाल्याला अशी एक शिवी हासडली, की शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. सौ.नं ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि पोळीवर तूप रोजच्यापेक्षा जरा जास्त वाढलं.