बैलाला घर ठाऊक असते



लग्नसराई आली म्हणजे आमच्या मंडळ्यांत एक गोष्ट दृष्टीस पडते. उपासना झाली, जेवणे उरकली, की काही तरुण मांडवामागे जातात आणि तासाभराने तोंड पुसून मोटारसायकलीवर बसतात. कोणी टोकले तर उत्तर ठरलेले असते, ‘थोडीच घेतली आहे.’ ह्या ‘थोडीच’चा आज आपण विचार करू.

पूर्वी बाजाराहून परतताना प्यालेला मनुष्य बैलगाडीत निजला, तरी बैल त्यास दारी आणीत. कारण बैलाला घर ठाऊक असते. मोटारसायकलीला घर ठाऊक नाही. तिला हाकणाऱ्याच्या बुद्धीवाचून दुसरी बुद्धी नाही.

मद्य पचावे लागत नाही. जठर व आतडी यांतून ते तसेच रक्तात उतरते आणि काही मिनिटांत मेंदूस पोहोचते. तेथे ते प्रथम विवेकास निजविते. पाय लटपटणे मागाहून येते. म्हणून ‘मी शुद्धीवर आहे’ असे जो म्हणतो, त्याच्या आतला न्यायाधीशच आधी झोपी गेलेला असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे, चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो अपराधी ठरतो. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आता हिशेब पाहा. ६० किलो वजनाच्या पुरुषाने ८ टक्के मद्यार्काच्या कडक बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली घेतली, तर हे प्रमाण सुमारे १०० पर्यंत चढते. यकृत तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमच उतरविते. थंड पाण्याची अंघोळ, लिंबू, काळी कॉफी, यांनी ते अधिक घाई करीत नाही. मध्यरात्रीपर्यंत दोन बाटल्या रिचविणारा सकाळच्या पाळीस वाळूजच्या कारखान्याकडे निघतो, तेव्हाही त्याचे रक्त मर्यादेबाहेर असू शकते.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ प्रवासी बस पेटून २५ जण जळून मेले. चालकाच्या रक्तात मर्यादेहून अधिक मद्य आढळल्याचा अहवाल पुढे वृत्तपत्रांत आला. दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांचा त्यात काही दोष नव्हता, हे आम्ही विसरू नये.

नोहा धार्मिक पुरुष होता, तरी द्राक्षारसाने त्याची लाज उघडी पडली. पण तो आपल्या डेऱ्यातच पडून होता. त्याच्या हाती वाहन नव्हते. आमचा तरुण मात्र बीड बायपासवर, जालना रस्त्यावर असतो, मागे बहीण बसलेली, समोरून कोणाचे लेकरू रस्ता ओलांडीत असते.

म्हणून आमची विनंती आहे. पंच व उपदेशक यांनी लग्नघरी केवळ प्रार्थना करून परतू नये. ज्याने घेतली आहे त्याची किल्ली प्रेमाने मागून घ्यावी आणि त्यास अंथरूण द्यावे. तो रागावेल, रागावू द्या. काइनाने भावाविषयीची जबाबदारी झिडकारली, ती आम्ही झिडकारू नये. सकाळी उठून तो आपल्या मुलांचे तोंड पाहील, हेच आमचे वेतन.

प्रभू आम्हांस हे धैर्य देवो. आमेन.