वीस टक्के बिलो

“काम किती बिलोने गेलं?” बांधकाम विभागाच्या कुठल्याही व्हरांड्यात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतो. ‘बावीस टक्के’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तितक्या कमी दराने, असे उत्तर आले की एकाला वाटते शासनाचे पैसे वाचले, दुसऱ्याला वाटते आता कामाचे काही खरे नाही. गंमत म्हणजे दोघेही बरोबर असू शकतात. अंदाजपत्रक शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून, म्हणजे दरसूचीवरून, तयार होते. दरसूची फुगलेली असेल तर बावीस टक्के बिलो म्हणजे निव्वळ बाजारभाव. ती नेटकी असेल तर ते बावीस टक्के कुठून तरी, बहुधा सिमेंटमधून, निघणार. शासनालाही हे चांगले ठाऊक आहे. म्हणून तर फार खाली उतरलेल्या निविदाकाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते. एकीकडे ज्या आकड्याला आपण बचत म्हणून मिरवतो, दुसरीकडे त्यालाच धोका समजून तारण मागतो.

सरकारी खरेदी करणाऱ्यांच्या कामाचे मोल कशात मोजायचे, हा प्रश्न बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात फारसा कुणी विचारत नाही, कारण मोजायचे कुणाला हेच स्पष्ट नसते. भांडार शाखेतला एखादा सहायक, फाईलवर शेरा मारणारा लेखाधिकारी, तुलनात्मक तक्त्यावर सह्या करणारी खरेदी समिती, मंजुरी देणारे साहेब, अशी ही विखुरलेली मंडळी. चांगली खरेदी झाली तर कुणाचेच नाव होत नाही. वाईट झाली की मात्र सही नेमकी कुणाची, ते लगेच सापडते.

मोल मोजण्याची पट्टी काळागणिक बदलत आली आहे. इंग्रजी अमलात सरकारला लागणाऱ्या सामानाचा मोठा भाग लंडनमधल्या इंडिया ऑफिसमार्फत खरेदी होई. रेल्वेचे रूळ-डबे इथे हवेत, मागणीपत्र तिकडे जायचे. ही खरेदी देशात झाली तर इथले कारखाने उभे राहतील, हा हिंदी उद्योगांचा जुना आग्रह. पहिल्या महायुद्धात जहाजे अडली तेव्हा सरकारलाही तो पटला आणि 1922 मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झाले. त्या काळी खरेदीचे मोल होते ते देशी माल किती घेतला यात. हाच धागा पुढे महाराष्ट्राच्या 2 जानेवारी 1992च्या शासन निर्णयात दिसतो. लघुउद्योग, हातमाग, खादी यांच्यासाठी वस्तू राखून ठेवल्या गेल्या. हेतू चांगला होता, पण अमुक इतक्या चादरी घेतल्या म्हणून किती माग चालू राहिले, याचा हिशेब ठेवण्याचे कुणाला सुचले नाही. आरक्षण पाळले की काम झाले.

दरम्यान दुसरी एक पट्टी रुजली, ती आक्षेपाची. 1964 मध्ये संथानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग आला. त्या आधीपासून महालेखापालांचे परिच्छेद होते, स्थानिक निधी लेख्याचे शेरे होते. जिल्हा परिषदेला विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौराही असतो. यात गैर काही नाही. हा धाक नसता तर काय झाले असते, ते सांगायला नको. पण त्यातून सरकारी खरेदीदाराची एक व्याख्या पक्की झाली. ज्याच्या फाईलवर पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप, निघाला नाही तो चांगला. आणि पॅरा टाळण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे सर्वांत कमी दर, अर्थात एल-वन. एल-वनला ऑर्डर दिली आणि वस्तू तीन महिन्यांत मोडली तर दोष पुरवठादाराचा. एल-टूची वस्तू टिकाऊ म्हणून घेतली, तर ‘का?’ याचे उत्तर जन्मभर देत बसा. माणसे कचखाऊ असतात म्हणून असे होत नाही. हिशेबच तसा मांडला आहे.

2015 मध्ये अंगणवाडीतल्या मुलांच्या चिक्कीसह, निविदा न काढता दरकरारावर केलेल्या खरेदीवरून राज्यात गदारोळ झाला. पुढच्या वर्षी 1 डिसेंबरला उद्योग विभागाने खरेदीची नियमपुस्तिका काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राची जेम ही सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली होती, आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्राची खरेदी पाहणारे दिल्लीतले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय कायमचे बंद झाले. खरेदी पडद्यावर आली, उघडी झाली. सोबत नवी सवयही आली. प्रत्येक सादरीकरणात ‘इतकी बचत’ हा आकडा ठळक अक्षरांत झळकू लागला.

या आकड्यावर किती विसंबायचे, याचा एक धडा ब्रिटनने आधीच घेतला होता. 2004 मध्ये पीटर गर्शन यांच्या अहवालाने सरकारी कारभारातून, त्यातही खरेदीतून, दरवर्षी वीस अब्ज पौंडांहून अधिक वाचवता येतील असे सांगितले. खाती कामाला लागली आणि 2007 पर्यंत सव्वातेरा अब्जांच्या पुढचा दावा झाला. त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तो तपासला, तेव्हा जेमतेम चौथा हिस्साच निःशंकपणे खरा धरता आला. निम्म्याच्या मोजणीत खोट होती आणि उरलेला बराचसा चुकीचा असण्याची शक्यता होती. चोरी कुणी केली नव्हती. ‘हे केले नसते तर किती खर्च झाला असता’ हा आकडा प्रत्येकाने आपापल्या सोयीने धरला होता. आपल्याकडची ‘बिलो’ची टक्केवारी ही याच जातीची.

दर हा निकष किती तोकडा आहे, हे औषधांत सर्वांत लख्ख दिसते. तामिळनाडूने 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली, रुग्णालयांना त्यांच्या वाट्याच्या रकमेचे पासबुक दिले आणि मालाचे नमुने तपासून मगच तो पुढे सोडायची पद्धत बसवली. लोक दरांचे कौतुक करतात, पण खरे मोल त्या पासबुकात आहे. गरज कुणाची आणि किती, हे तिथे वापरणाऱ्याच्या हातात आले. महाराष्ट्राने 2017 मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. पुरवठा वेळेवर होत नाही अशा तक्रारी वाढल्या आणि 2023 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. सर्पदंशावरची लस घ्या. पेरणीपासून पाऊस सरेपर्यंत मेहकर-लोणारच्या बाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला ती हाताशी हवी असते. ती कितीही बिलोने घेतली आणि दिवाळीला पोचली, तर तुलनात्मक तक्ता निर्दोष राहील, पण पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021च्या सूचनांत कामांच्या निविदांनाही, काही मर्यादेत, गुणवत्तेचा भार देण्याची मुभा दिली. दर सत्तर तर गुणवत्ता फार तर तीस. पाऊल चांगलेच आहे, पण तेही निविदा उघडण्याच्या दिवसापुरतेच. खरेदीतले निम्मे मोल त्या दिवसाच्या आधी, अटी लिहितानाच ठरून जाते. बुलढाणा जिल्ह्याने हे करून दाखवले आहे, आणि तेही रस्त्याच्या कामात, जिथे ‘बिलो’शिवाय कुणी दुसरे बोलत नाही.

महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम अफाट लागतो. एरवी कंत्राटदार जवळची टेकडी किंवा एखादे शेत बघतो, कारण अंतर वाढले की ‘लीड’, म्हणजे वाहतुकीचा खर्च, वाढतो. बुलढाण्यात राष्ट्रीय महामार्गांची कामे निघाली तेव्हा हा मुरूम तळी, नाले, नद्या खोल करून घ्यायचा असे ठरले. रस्त्याला भराव मिळाला, गावांना खोलीकरणासाठी वेगळा पैसा घालावा लागला नाही. पुढे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ते देशभर सांगितले. त्याच सुमारास, 2018 मध्ये, भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात शंभराहून अधिक जेसीबी-पोकलेन उतरवली, डिझेल शासनाने दिले आणि गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात नेला. एका ठिकाणी गाळ हवा होता, दुसरीकडे गाळाखालचा मुरूम. काळी माती भरावाला चालत नाही, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. शेताला मात्र तीच सोने. तळ्याच्या एकाच खड्ड्यातल्या दोन थरांची दोन गिऱ्हाइके.

आता हा फायदा रस्त्याच्या तुलनात्मक तक्त्यात कुठे दिसतो? कुठेच नाही. तिथे रस्त्याचा दर आहे. पाणी दुसऱ्या खात्याचे, टंचाई जिल्हाधिकाऱ्यांची, विहीर शेतकऱ्याची. ज्याने मातीची जागा बदलण्याची अट सुचवली, त्याच्या गोपनीय अहवालात या पाण्याला रकाना नाही.

इथे एक सावधगिरीही हवी. कंत्राटदाराला मुरूम हवा असतो, तळ्याला हवी असते ती ठरावीक खोली. या दोन गरजा एका मर्यादेपर्यंतच जुळतात. नाले बेसुमार खणण्यावर अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते, ते जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेच्या संदर्भात. पण मुद्दा इथेही लागू पडतो. ‘इतके घनमीटर काढले’ हा आकडा मोलाचा मानला की घनमीटरच वाढतील, पाणी वाढेलच असे नाही. गर्शनच्या अब्जांसारखेच.

माझ्या मते त्यामुळे नवा निर्देशांक शोधत बसण्यापेक्षा आधीच होत असलेल्या मोजण्या खरेदीच्या फाईलला जोडाव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. कोणत्या गावाला कधी टँकर लागला, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टंचाई शाखेत असते. खोल केलेल्या तळ्याजवळची विहीर आणि तसाच पाऊस झालेल्या दुसऱ्या गावातली विहीर शेजारी ठेवली, तर दोन-तीन वर्षांत काहीतरी हाती लागते. पाऊस, पिके, उपसा यांचा घोळ राहीलच. पण दरसूचीवरून काढलेल्या टक्केवारीपेक्षा हा आकडा प्रामाणिक. तो मागवायचा कुणी, एवढेच ठरायचे आहे. माती कुठून घ्यायची हे कामाच्या अटीत घालता आले, तसेच तीन उन्हाळ्यांनंतर या नोंदी रस्त्याच्या फाईलला जोडाव्यात असे एक कलमही त्यात घालता येईल.